बारा वेट फ्राय, साइज चौदा

आधी चहा संपवा. नाही, खरंच संपवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या साडूच्या नाकातून चहा बाहेर आला आणि गालिचा मला धुवायला लागला. गाढवपणा काय, सगळेच करतात हो. पण आपला गाढवपणा हॉटपॉटमध्ये भरून, वर कोथिंबीर पेरून, साहेबाच्या बंगल्यावर स्वतः पोचवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मग बघून घ्या, हा समोर बसलाय.

तुमच्यातले जे पहिल्यांदाच आलेत त्यांच्यासाठी सांगतो. मी इकबाल. गाव दापोलीकडचं, पोटापाण्याला सौदीत, जुबैलला. एका कंत्राटदार कंपनीच्या खरेदी विभागात आहे. पाइप, व्हॉल्व्ह, नट-बोल्ट, जे लागेल ते मागवायचं, आलं की मोजून घ्यायचं आणि साइज चुकली की परत पाठवायचं. हे काम इतकी वर्षं करतोय की बायको म्हणते, तुम्ही चपातीसुद्धा आधी व्यास बघून उचलता. बायकोचं नाव नसीमा. ह्या सगळ्या प्रकरणात ती बरोबर होती आणि मी चूक होतो. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तिला मधेच आतून येऊन सांगायला नको.

तर झालं असं. ऐन उन्हाळ्यात आमच्या कंपनीला हफ्र अल बातिनला एक काम मिळालं आणि बातमी फुटली की खरेदी विभागातला एक माणूस कायमचा तिकडे जाणार. विभागात आम्ही दोघंच, मी आणि केरळचा थॉमस. आता हफ्र अल बातिन वाईट गाव आहे असं मी म्हणत नाही. तिथेही माणसंच राहतात. पण माझ्या मुलांची शाळा जुबैलला, घर जुबैलला, नसीमाच्या हातचं जेवण जुबैलला, आणि मी एकटा तिकडे वाळवंटात पत्र्याच्या केबिनमध्ये, समोर विकतची खुबूस रोटी आणि डब्यातली डाळ. मला रात्री झोप लागेना.

ठरवणार कोण? आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, डंकनसाहेब. माणूस स्कॉटलंडचा. उंच, लालबुंद, मनाने चांगला. फक्त त्यांचं इंग्रजी असं, की तोंडात गरम बटाटा आहे आणि तो थंड होईस्तोवर माणूस बोलतोय. त्यात त्यांच्या केबिनचा एसी. तो गार हवा कमी आणि खडखडाट जास्त द्यायचा. त्यामुळे त्यांनी काही विचारलं की आम्ही सगळे आधी ‘येस सर’ म्हणायचो आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारायचो, काय म्हणाले रे?

साहेब आठवड्याभरात सुट्टीवर जाणार होते. जायच्या आधी नाव ठरणार, हे उघड होतं. म्हणून मी एक सहीचा कागद घेऊन आत शिरलो आणि आल्या आल्या भिंतीवरच्या फोटोचं कौतुक केलं. फोटोत साहेब कंबरभर पाण्यात उभे आणि हातात एक मासा. साहेब म्हणाले, ट्राउट आहे, नदीतला. मी म्हणालो, सर, आम्ही कोकणातले. मासेमारी आमच्या रक्तातच आहे.

आता माझ्या रक्तात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांचं कापडाचं दुकान होतं. होडीत मी आयुष्यात एकदा बसलो, ते खाडी ओलांडायला, आणि पलीकडच्या काठावर उतरलो तो दोघांच्या आधाराने. मासा आणि माझी ओळख ताटात होते. त्याआधीचं त्याचं आयुष्य मला माहीत नाही. पण साहेब खुर्चीत पुढे सरकले. डोळ्यांत चमक आली. आणि त्यांनी विचारलं, “वेट फ्लाय ऑर ड्राय फ्लाय?”

इथे मी तुम्हाला आत्ताच समजावून सांगतो, कारण मला ते फार उशिरा समजलं. त्यांच्या देशात ट्राउट पकडायला गळाला किडा लावत नाहीत. एवढ्याशा गळावर रेशमाचा धागा गुंडाळतात, पक्ष्याचं पीस बांधतात आणि त्याची नकली माशी करतात. त्याला म्हणायचं फ्लाय. पाण्यावर तरंगते ती ड्राय, म्हणजे सुकी. पाण्याखाली बुडते ती वेट, म्हणजे ओली. ही ओली माशी जुन्या पद्धतीची आणि साहेब तिचे मोठे भक्त. माशाला धरायला माशी. एका वेलांटीचा तर फरक.

पण त्या दिवशी वर एसी खडखडत होता आणि साहेबांच्या तोंडात बटाटा होता. मी ऐकलं, “वेट फ्राय ऑर ड्राय फ्राय?”

तुम्हीच सांगा, कोकणातला माणूस ह्या प्रश्नाला अडखळेल का? ओला मसाला चोपडून तव्यावर टाकलेला की रवा लावून कोरडा? ह्या विषयावर आमच्याकडे भावाभावांत अबोला झालेला आहे.

मी छाती काढून सांगितलं, वेट, सर. ओन्ली वेट. ट्रॅडिशनल.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, मीही आयुष्यभर वेटच. मग त्यांनी विचारलं, तुझ्या तू स्वतः टाय करतोस का, म्हणजे बांधतोस का. मी ऐकलं ट्राय करतोस का. म्हटलं, नाही सर, हे काम माझ्या बायकोचं. ती माझ्या आईकडून शिकली, आई तिच्या सासूकडून. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तीन पिढ्या, आणि सगळ्या बायका, असं पुटपुटले. मग खेदाने म्हणाले की त्यांच्याकडे आता हाताने करणारं फारसं उरलेलं नाही, सगळे दुकानातून तयार आणतात आणि त्यात जीव नसतो. मी म्हटलं, सर, आमच्याकडेही आता पाकिटातलं तयार आणतात, त्याला चव नसते. साहेबांनी टेबलावर हात आपटला. अगदी बरोबर, म्हणाले.

बघा, माझं प्रत्येक उत्तर फिट बसत होतं. तेच तर नडलं. एक जरी उत्तर चुकलं असतं ना, तर तिथल्या तिथे वाचलो असतो.

त्यांनी विचारलं, रंग कोणता? मी सांगितलं, बहुतेक लाल, कधीमधी हिरवा. साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली, जसा गवई दुसऱ्या गवयाला दाद देतो तसा. मग जरा संकोचून म्हणाले, मी शनिवारी निघतोय. घरी गेलो की भावाबरोबर नदीवर जाणार आहे. तुझ्या मिसेसना एक डझन करून देता येतील का? भावाला दाखवायच्या आहेत.

मी म्हटलं, सर, लाजवताय. दोन डझन देतो.

नको, म्हणाले, एकच डझन, शुक्रवारी मिसेसना घेऊन बंगल्यावरच ये. साइज चौदा. आणि सॉफ्ट हॅकल.

हॅकल म्हणजे त्या नकली माशीच्या मानेभोवती गुंडाळलेलं पीस, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मी काय ऐकलं? ‘सॉफ्ट, हलका.’ आणि मला भरून आलं. इतकी वर्षं आपल्या लोकांत राहून साहेब हिंदी शिकले आणि किती नम्रपणे सांगतायत, बाबा, तिखट जरा हलकं ठेव. मी हात छातीवर ठेवून म्हणालो, एकदम हलका, सर.

निघता निघता मी आपलं व्यवहाराचं विचारलं, न्याल कशातून? विमानात सांडायला नको. साहेब हसले आणि म्हणाले, नेहमीसारखं, माझ्या हॅटमध्ये. गळ टोपीला टोचून ठेवायची त्यांची रीतच असते. मी ऐकलं ‘हॉट’मध्ये. म्हणजे हॉटपॉट, आणखी काय?

बाहेर आलो तर थॉमस दारातच उभा. इतका वेळ काय चाललं होतं, विचारायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, काही नाही रे, साहेबांचं माझ्याकडे जरा घरगुती काम आहे. मला त्याची मनापासून दया आली होती. मनातल्या मनात मी त्याची बॅगसुद्धा भरून दिली होती.

घरी जाऊन नसीमाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने भाजी बाजूला ठेवली, आणि ती भाजी बाजूला ठेवते तेव्हा मी सावध व्हायला हवं. पण नाही झालो. तिला शंका पुष्कळ. एवढ्या लांबच्या प्रवासाला कोणी ओल्या मसाल्याचा मासा घेऊन जातं का? भाऊ नदीत उभा आहे तर त्याला मासा इथून कशाला? आणि चौदा म्हणजे काय?

“चौदा इंच,” मी म्हटलं.

“साहेब इंच म्हणाले?”

“म्हणायला कशाला पाहिजे? आमच्या खात्यात चौदा म्हटलं की चौदा इंचच.”

तिने एकदा साहेबांना नीट विचारून या म्हणून सांगितलं. मी म्हटलं, असलं विचारायला गेलो तर त्यांना वाटेल ह्याच्या रक्तात मासेमारी नाही.

नसीमा मग शांतपणे म्हणाली, “सुरमईचा पोटाकडचा तुकडा आणि शेपटीकडचा तुकडा तुम्हाला ओळखता येत नाही. साहेबांनी मासेमारीचं तुम्हाला विचारलं?”

मी विषय बदलला.

आता सौदीत ट्राउट आणायचा कुठून? जुबैलच्या मासळी बाजारात गेलो. तिथे हामूर आहे, शेरी आहे, सुरमई आहे, झिंगे हवे तेवढे आहेत. ट्राउट म्हटल्यावर एक म्हातारा कोळी मला म्हणाला, हे माशाचं नाव आहे की माणसाचं? शेवटी मोठ्या सुपरमार्केटात बर्फावर सापडला. परदेशातून विमानाने आलेला, अंगावर ठिपके, चेहऱ्यावर नाराजी. काउंटरवर एक बांगलादेशी गृहस्थ होते. मी खिशातून मेजरिंग टेप काढला आणि एकेक मासा मोजायला लागलो. तोंडापासून शेपटीपर्यंत. चौदाचा निघाला की डावीकडे, कमी-जास्त निघाला की उजवीकडे. मागे रांग लागली. ते गृहस्थ बराच वेळ बघत होते. मग अदबीने विचारलं, “भाईसाब, मछली पकाना है या फिट करना है?”

अकरा मिळाले चौदाचे. बारावा काही केल्या मिळेना. एक पंधराचा होता, तो घेतला आणि म्हटलं, शेपटीकडून इंचभर उडवा. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माशाकडे पाहिलं, आणि सुरीने उडवली. रांगेतल्या एका बाईंनी आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं.

पुढची अडचण घरी. साइज चौदा म्हणजे तुकडे करायचे नाहीत, अख्खा मासा. आणि चौदा इंचाचा अख्खा मासा मावेल असा तवा आमच्याकडे नव्हता. नसीमा म्हणाली, थॉमसभाईंकडे डोशाचा बिडाचा मोठा तवा आहे. मी म्हटलं, ज्याला हफ्रला धाडायला आपण हा मासा तळतोय त्याचाच तवा आणायचा? ती म्हणाली, मग तुमच्या खात्यातून एखादा पाइप आणा, त्यावर तळते.

गेलो आणि मागितला. थॉमसने आनंदाने दिला. काय करताय हेही विचारलं नाही. वर स्वतः गाडीपर्यंत उचलून आणला. मला आणखीच वाईट वाटलं.

शुक्रवारी दुपारपासून घरात धूर. हळद, आलं-लसूण, कोकमाचं आगळ, आणि गावाहून आलेला लाल मसाला. मी मागे उभा राहून सारखा सांगत होतो, सॉफ्ट ठेव, हलका ठेव. नसीमाने एकदाच मागे वळून सांगितलं की फिक्का मासा तिच्या हातून आजवर कोणाच्या घरी गेलेला नाही आणि आजही जाणार नाही. शेवटी तिने मसाला थोडा कमी घातला असं ती म्हणते. त्या वासाने आमच्या मजल्यावरच्या तीन दारांतून लोक बाहेर डोकावले, हे मी म्हणतो.

हॉटपॉटही नवीन आणला. लग्नात पुलाव ठेवतात ना, तसला. तरी चौदा इंच सरळ मावेना. मग बाराही मासे अर्धगोल वाकवून, एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं तोंड लावून असे रचले, की वरून बघितलं तर वाटावं, मासे फेर धरून नाचतायत. वर कोथिंबीर. वर लिंबाच्या चकत्या. नसीमाने ठेवणीतला ड्रेस घातला आणि आम्ही निघालो.

साहेबांच्या कंपाउंडच्या फाटकावर गार्डने झाकण उघडायला लावलं. आत बघितलं, वास घेतला आणि विचारलं, कोणाचं लग्न आहे? मी म्हटलं, यल्ला भाई, सोड, उशीर होतोय.

आणि आता नीट ऐका. जुबैलचा ऑगस्ट तुम्हाला माहीत आहे. हवेत एवढा दमटपणा, की एसीच्या गाडीतून उतरलं की चष्मा पांढरा. मी हॉटपॉट दोन्ही हातांनी धरून उतरलो आणि मला समोर फक्त दूध दिसायला लागलं. हात मोकळा नाही, पुसणार कसा? नसीमा कोपराला धरून मला चालवत होती. दिवसाउजेडी, सेहऱ्याआड काही न दिसणाऱ्या नवऱ्यासारखा मी हिरवळीवर प्रवेश केला.

स्विमिंग पूलच्या काठाला खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांनी चार गोरे मित्र बोलावले होते. सगळे त्यांच्यासारखेच, गळाला माशी लावून नदीत उभे राहणारे. सगळे खास कोकणातली ओली माशी बघायला आलेले. आणि त्यांच्यात पांढऱ्या पायघोळ थोबमध्ये बसलेले आमचे मोठे मुदीर, म्हणजे साहेबांचेही साहेब, अबू नासेर. त्यांना बघून माझ्या अंगात आणखी दोन इंच भर पडली. म्हटलं, झालं काम, खलास.

डंकनसाहेब पुढे आले आणि नसीमासमोर चक्क वाकले. तुमच्या हातांबद्दल फार ऐकलंय, म्हणाले. मग एखाद्या विद्यार्थ्याने गुरूला विचारावं तसं हळूच विचारलं, मॅडम, तुम्ही काय वापरता, हेन की कॉक? त्यांना म्हणायचं होतं, पीस कोंबडीचं की कोंबड्याचं.

नसीमाने माझ्याकडे एक नजर टाकली आणि उत्तर दिलं, “नो चिकन. ओन्ली फिश.”

साहेब वळून मित्रांना म्हणाले, ती माशी माशापासूनच करते. मित्रांमध्ये कुजबुज झाली. एकाने डोक्यावरची टोपी काढली.

मी हॉटपॉट टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, थांब, उघडू नकोस, आधी माझ्या बघ. मी चष्मा काढून शर्टाला पुसत होतो. घातला, परत पांढरा. शेवटी खिशात टाकला. साहेबांनी एक चपटी पत्र्याची डबी माझ्यापुढे उघडली. ह्या माझ्या वडिलांच्या हातच्या आहेत, म्हणाले. यातली एक तू घे.

मी वाकून पाहिलं. चष्म्याशिवाय मला दिसल्या त्या ओळीने मांडलेल्या, करपल्यासारख्या, मिशाळ, नखाएवढ्या वस्तू. अहो, हुबेहूब तळलेला जवळा, आपली ती बारकी कोळंबी. आणि माझं काळीज पिळवटलं. हा ह्यांचा फ्राय? ह्यावर पिढ्यान् पिढ्या काढल्या बिचाऱ्यांनी? आणि एवढा मोठा साहेब, वडिलांच्या हातचा म्हणून हा जपून ठेवतो, परदेशात नेतो? मग आपल्या चौदा इंचावर जीव टाकणारच ना.

सगळे माझ्याकडे बघत होते. मुदीर बघत होते. वडिलांची आठवण म्हणून दिलेला घास नाकारायचा नसतो, एवढे संस्कार आहेत आपल्यावर. मी त्यातली सगळ्यात गुबगुबीत उचलली, बिस्मिल्ला म्हटलं आणि तोंडात टाकून चावली.

आधी चव लागली लोकरीची. मग काहीतरी खालच्या ओठाला लागलं. म्हटलं काटा असेल, मासा म्हटला की काटा आलाच. म्हणून बोटांनी काढायला गेलो, तर काट्याबरोबर ओठ पण यायला लागला.



“अहो,” नसीमा हळू आवाजात म्हणाली, “काय खाल्लंत तुम्ही?”

मला सांगायचं होतं, फ्राय. पण ओठात गळ असताना र म्हणून बघा तुम्ही. माझ्या तोंडून आलं, “फ्लाय.”

म्हणजे एवढ्या दिवसांत तो शब्द मी पहिल्यांदा बरोबर उच्चारला, तो अडकल्यावर.

नशीब बघा पण. ओठात गळ अडकवून घ्यायला अख्ख्या सौदी अरेबियात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. भोवती जमलेल्या सगळ्यांनी जन्मभर दुसरं काही केलंच नव्हतं. पाचही जण उठले. एक म्हणाला, डावीकडे वळवून काढा. दुसरा म्हणाला, आधी त्याला दमू द्या. तिसरा नुसताच माझा जबडा न्याहाळत होता. डंकनसाहेबांनी सगळ्यांना मागे सारलं, पूलमध्ये बोटं बुडवून ओली केली, कारण कोरड्या हाताने माशाची कातडी दुखावते म्हणे, आणि माझी हनुवटी अशी अलगद धरली की आईने धरली नसेल. त्यांच्या गळाला उलटी नांगी नव्हती. ती माशाला त्रास नको म्हणून चेपून टाकतात. एक हिसका, आणि गळ बाहेर. रक्ताचा एक थेंब.

मग सवयीने त्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं, तोंड पूलकडे केलं, माझा श्वास नीट चालू होईपर्यंत आधार दिला आणि हळूच सोडायला लागले. काठापासून दोन पावलांवर त्यांच्या लक्षात आलं की हा खरेदी विभागातला माणूस आहे.

अबू नासेरना काही कळेना. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? तेव्हा साहेबांनी त्यांना समजावलं, की आम्ही ट्राउट धरतो पण खात नाही. गळ काढतो, क्षणभर बघतो आणि परत पाण्यात सोडून देतो. अबू नासेरनी विचार करून विचारलं, मग धरता कशाला? साहेबांनी मित्रांकडे पाहिलं, तर ते पाण्याकडे बघत होते.

मग साहेबांची नजर टेबलाकडे गेली. त्यांनी विचारलं, मग त्यात काय आहे?

नसीमाने पुढे होऊन झाकण उघडलं.

बारा ट्राउट. लाल. फेर धरलेले. साहेब हॉटपॉटवर वाकले. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. ज्या माशाला ह्या माणसाने जन्मभर जीवदान दिलं त्याला मी डझनाने तळून आणलाय. आता हफ्र अल बातिनसुद्धा नको, सरळ इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द करून घरी पाठवतील. मग कळलं, की ती मसाल्याची वाफ होती. साहेबांनी हळूच विचारलं, “साइज चौदा?” मी ओठ धरून मान हलवली. “इंच,” म्हटलं. आणि तो सहा फुटी माणूस गवतावर बसून असा हसला, की पलीकडच्या बंगल्यातले लोक गॅलरीत आले.

त्यांच्या चौदा नंबरची माशी केवढी असते, माहीत आहे? करंगळीच्या नखावर मावते.

पुढे अर्धा तास ते मला फ्लाय आणि फ्राय समजावत होते आणि मी नसीमाची नजर चुकवत होतो. पण मासे मात्र संपले. अबू नासेरनी सुरुवात केली, बोटांनी, व्यवस्थित मांडी घालून. मग एकेक मित्र. शेवटी डंकनसाहेबांनी एक घास घेतला, जरा अपराध्यासारखा. मग दुसरा, तसं काही न वाटता. मुळात लाल माणूस, तो आणखी निराळाच लाल झाला, नाक गळायला लागलं, पण थांबला नाही. मसाला हलका नव्हता हे मी आधीच सांगितलंय. शेपटी कापलेला मासा त्यांच्याच वाट्याला आला. ह्याची शेपटी कुठे गेली, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, साइज जास्त होती. त्यावर त्यांना परत गवतावर बसावं लागलं.

आणि जेवता जेवता अबू नासेर सहज बोलून गेले, की हफ्र अल बातिनला थॉमस चाललाय. त्याची बहीण आणि मेव्हणा तिथेच आहेत, त्याने स्वतःहून मागून घेतलं, केव्हाच ठरलं ते. म्हणजे ज्या माणसाची दया येऊन मला घास जाईना, तो आपल्या आनंदात मला तवा उचलून देत होता. मी पाणी प्यायलो. तेही ओठातून गळलं.

परत येताना गाडीत नसीमा गप्प. कॉर्निशचा समुद्रकाठचा रस्ता गेला, पहिला सिग्नल गेला, दुसरा गेला. माझा ओठ सुजून एवढा झालेला. बायको रागावली की सवय आहे हो आपल्याला, पण गप्प बसली की जीव वरखाली होतो. शेवटी मीच म्हटलं, बोल काय बोलायचं ते.

तर तिला हसूच फुटलं. डोळ्यांना ओढणी लावून हसतेय. कितीतरी वेळ. मी विचारलं, एवढं काय झालं?

“काही नाही,” ती म्हणाली, “मनात आलं, एकदा गळाला लागलेला परत सोडून देता येतो, हे लग्नाच्या वेळी मला कोणी सांगितलंच नव्हतं.”